घोंगडीच्या पिशवीतला कान

तुमचं मूल तुमच्याकडे पाठ करून खेळत असताना तुम्ही हलक्या आवाजात मारलेली हाक त्याला ऐकू जाते की नाही, हे तुम्ही कधी तपासून पाहिलंय का? बहुतेक नसेल. मीही पाहिलं नव्हतं. आमच्या राहू गावातल्या घरासमोरून उसाची ट्रॉली टेप लावून गेली, गल्लीतली झाडून सगळी पोरं रस्त्याकडे पळाली आणि माझी लेक तेवढी दारात बसून काडीनं मातीत रेघा ओढत राहिली, तेव्हा मला पहिल्यांदा धस्स झालं. ती दीड वर्षाची होती. तोवर सगळे म्हणायचे, पोरगी किती गुणाची, कशानं दचकत नाही.

माझं माहेर तळेगाव ढमढेरे. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. माझे वडील, म्हणजे आप्पा, आठवडे बाजाराच्या दिवशी सायकलला पिशवी अडकवून निघायचे. दारूचं दुकान उठवा, नदीच्या पाण्याला वास का येतो ते सांगा, कंत्राटी कामगाराला हजेरीकार्ड द्या. ज्या महिन्यात जे पेटलेलं असेल त्याचं पत्रक. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. खळ शिजवायची, भिंतीला फासायची, कागद चिकटवायचा, हे मला रांगोळीच्या आधी आलं. त्यामुळे जगात काही चुकीचं दिसलं की मोठ्यानं बोलायचं, न थकता बोलायचं आणि समोरचा वळेपर्यंत बोलत राहायचं, एवढी एकच रीत मला ठाऊक होती. न वळणारं मूल माझ्या पोटी आलं.

तपासण्या झाल्या. दोन्ही कान जवळजवळ बंद. ती साडेतीन वर्षांची असताना एका शिबिरात तिला कानाचं यंत्र मिळालं. हल्लीसारखं कानामागं लपणारं नव्हे. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, ती छातीवर अडकवायची, तिच्यातून वायर निघून कानातल्या बटणापर्यंत जायची. गावात लगेच बोभाटा झाला. पोरं तिच्या छातीला कान लावून म्हणायची, "ए, गाणं लाव की!" बायका पाणी भरता भरता विचारायच्या, "किती ब्यांड लागत्यात गं हिच्या रेडिवला?" मी भांडायचे. एकदा एकीला मी एवढं सुनावलं, की तिनं आमच्या नळावर यायचं सोडलं.

यंत्र मिळालं तरी बोलायला शिकवावं लागतं. दौंडला दवाखान्याच्या मागच्या खोलीत आठवड्यातून एकदा एक बाई यायच्या, मुलांना बोलायला शिकवणाऱ्या. राहूहून जीपनं केडगाव, केडगावहून पॅसेंजरनं दौंड. लेकीला मांडीवर घेऊन मी जायचे. नवरा रांजणगावकडं एका कारखान्यात कंत्राटावर होता, तिकडंच चौघांत खोली करून राहायचा आणि सुट्टीला यायचा.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "घरी सारखं बोलत राहा. भाकरी थापताना भाकरी म्हणा, अंघोळ घालताना पाणी म्हणा. ती आज बोलणार नाही, उद्याही नाही. तुम्ही थांबायचं नाही."

थांबायचं नाही म्हटल्यावर मला कुणी शिकवायची गरज नव्हती. घरी आल्या आल्या मी खळ शिजवली. चुलीमागं, दारावर, हौदावर, गोठ्याच्या मेढीवर मोठ्या अक्षरात शब्द चिकटवले आणि सुरू केलं. "पाणी. बोल, पाणी. इकडं बघ. पा-णी."

माझी सासू ओट्यावर लोकर विंचरत बसलेली असायची. तिला आम्ही आत्या म्हणतो. सासरचे लोक पूर्वी मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेपर्यंत जाणारे. आता ऊस आणि थोडा भाजीपाला. सासरे गेल्यावर मेंढरं विकली, पण आत्यांची बोटं लोकर सोडायला तयार नव्हती.

"अगं, किती वरडशील? पोरगी भ्याली बघ."

"आत्या, बाईंनी सारखं बोलायला सांगितलंय."

"बोलायला सांगितलं आसंल. सभा घ्यायला सांगितलं व्हय?"

यंत्राची डबी ठेवायला पिशवी आत्यांनीच शिवली. बाजारातली पिशवी त्यांना पटली नाही. "त्यात पोरीच्या उराला गार लागंल," म्हणाल्या. सासऱ्यांची घोंगडी त्यांनी घडी घालून खणात ठेवली होती. कुणाला हात लावू देत नसत. तिचा कोपरा त्यांनी कापला, चौकोनी पिशवी शिवली आणि तळाला भंडाऱ्याची चिमूट टाकली. मी भंडाऱ्यावरून कुरकुर केली. आप्पांच्या घरात असलं चालत नसे. आत्या म्हणाल्या, "तुझ्या यंत्राला सेल लागतो ना? ह्यो माझा सेल." मी पिशवी लेकीच्या गळ्यात घातली. घोंगडीचा कोपरा कापण्याआधी त्यांनी ती एकदा नाकाशी धरली होती, ते मी पाहिलं होतं.

आता मुद्द्याचं सांगते. लेकीला पाचवं लागलं तेव्हा मी गावातल्या शाळेत गुरुजींना भेटले. पुढच्या जूनला तिला पहिलीत घ्या म्हटलं. गुरुजी माणूस वाईट नव्हते. एकटेच दोन वर्ग सांभाळायचे. म्हणाले, "ताई, मला तिनं कविता म्हणून दाखवायला नको. मागून हाक मारल्यावर वळली तरी पुरे. वळली न्हाई तर मी तिला वर्गात कशी सांभाळू? शाळा रस्त्याला लागून हाय. पुण्याला अशा मुलांची निवासी शाळा असती, तिथं घाला."

ती शाळा मी पाहून आले. वाईट म्हणणार नाही. तिथली मुलं हातांनी भराभर बोलत होती, भांडत होती, हसत होती. पण माझी लेक तिथं राहणार आणि दिवाळीत आणि मे महिन्यात घरी येणार. रात्री कूस बदलली की माझा पदर मुठीत आहे का हे चाचपणारं पोर. मी निर्धार केला, जूनच्या आत ती वळेल.

आणि ती वळेना. उलट यंत्र काढून फेकायला लागली. मी घालायचे, ती ओढायची. मी हात धरायचे, ती चावायची. दौंडच्या खोलीत मात्र तिचं वेगळंच. बाई डबी पिशवीतून काढून टेबलावर ठेवायच्या, मागून डफली वाजवायच्या, आणि लेक मान वळवायची. डोळे मोठे करून, हसून. घरी तशीच डफली वाजवली तर ढिम्म.

"इथं ऐकते, घरी का नाही?" बाई विचारात पडायच्या. "घरी तुम्ही हिच्याशी खेळता ना?"

"खेळायला वेळ कुठाय बाई? शिकवायचंच एवढं आहे."

"लहानपणी तुम्ही काय खेळायचात?"

मी आठवून पाहिलं. "पत्रकं वाटायचो," मी म्हणाले.

बाई हसल्या, मग हसणं आवरलं. "मग आधी तुम्हालाच शिकावं लागणार."

मला राग आला. माझ्या लेकीचं आयुष्य जूनवर टांगलेलं, आणि ही बाई मला खेळ शिकवणार! परतीच्या पॅसेंजरमध्ये मी मनात बाईंविरुद्ध अख्खं पत्रक लिहिलं. माझं मत साधं होतं. ही माझ्याशी मुद्दाम हट्ट करते आहे, आणि हट्टाला उत्तर चिकाटी.

उन्हाळा लागला. नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि तो घरी आला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. आत्या त्याला काही बोलत नसत, मलाही नाही. घरात बोलणारी मी एकटी, आणि मी बोलायचे ते ऐकू न येणाऱ्या मुलीशी. एका दुपारी पडवीत मी "पाणी, पाणी" म्हणता म्हणता मध्येच थांबले. गुडघ्यांवर डोकं टेकलं. रडले नाही. नुसती रिकामी झाले होते, भरडून टाकल्यासारखी.

लेकीनं थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग तिनं आपल्या गळ्यातली पिशवी काढून माझ्या गळ्यात घातली. बटण माझ्या कानाशी दाबलं. माझ्यासमोर मांडी घालून बसली, भुवया आवळल्या, बोट उगारलं आणि तोंड मोठ्ठं उघडून, आवाज न करता, माझी नक्कल करायला लागली. मी अशी दिसते? कपाळाला आठ्या, मान पुढं, बोट नाकाशी. ती आई झाली होती आणि मी ती.

पहिल्यांदा मी बटण हिसकायला गेले. तिनं माझा हात झटकला, अगदी मी तिचा झटकते तसा. तेव्हा मला हसू फुटलं. कुठून आलं देव जाणे, आणि आप्पांच्या घरात देव नव्हता. मी मान हलवून नाही म्हटलं, तिच्यासारखं. बटण काढून फेकलं, तिच्यासारखं. ती खिदळली. पुन्हा घातलं, पुन्हा बोट उगारलं. मी हातापायांवर रांगत पळाले, ती मागून माझा पदर धरून ओढत होती. आणि रांगताना बटण कानाशी घट्ट दाबलं गेलं तेव्हा मी ऐकलं.

कानात कडबाकुट्टी चालू झाली होती. खर्र, खर्र, घर्र. श्वास घेतला तरी खर्र. मान हलवली तरी खर्र. मी जागीच थांबले. डबीवरचं आवाजाचं चाक कमी केलं, डबी पिशवीतून बाहेर काढली, हातावर धरली. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत ओट्यावरून आत्यांचा आवाज स्वच्छ आला, "आता ही बी रांगाया लागली. घ्या!"

घोंगडीची लोकर. डबीचं तोंड, म्हणजे आवाज आत घेणारी जाळी, लोकरीला घासत होतं. इतके महिने माझी लेक श्वास घ्यायची तेव्हा तिच्या कानात कडबा कापला जात होता, आणि त्या घरघरीच्या पलीकडून मी "पाणी बोल" म्हणत होते. ती हट्टी नव्हती. तिच्या जागी मी असते तर यंत्र विहिरीत टाकलं असतं.

दौंडला डबी टेबलावर, म्हणून तिथं ऐकायची. इतकं सोपं होतं. बाईंना पिशवीचा संशय आला नाही, कारण त्या ती आधीच बाजूला काढायच्या. मला आला नाही, कारण आत्यांनी सासऱ्यांच्या घोंगडीतून शिवलेल्या पिशवीवर संशय घेणं माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळ्यांनी चांगलंच केलं होतं.

आत्यांना सांगणं भाग होतं. मी त्यांच्याजवळ बसले, बटण त्यांच्या कानाशी धरलं आणि पिशवी हलवली. त्यांचा चेहरा बघवेना.

"म्हंजी इतके दिस पोरीच्या उरावर म्याच कुट्टी लावली व्हय?"

"आत्या, मी रोज तिच्यासमोर बसत होते. मला तरी कुठं कळलं?"

त्या उठल्या, जुन्या धुवट सुती पातळाचा मऊ तुकडा आणला आणि सुई माझ्याकडं दिली. "दोरा ओव. मला दिसत न्हाई." नवी पिशवी शिवली, डबीच्या तोंडाला मोकळी खिडकी ठेवली. भंडारा त्यांनी मागितला नाही. मीच घोंगडीच्या पिशवीतून तो झाडून घेतला आणि नव्या पिशवीच्या दुमडीत शिवून टाकला, डबीला लागणार नाही असा. आप्पांनी पाहिलं असतं तर माझ्यावर एक पत्रक काढलं असतं.

त्या दिवसानंतर मी भिंतीवरचे शब्द काढले. पटकन निघेनात, खळ पक्की होती.

खेळायचं ठरवणं सोपं आहे. पण नवरा भिंतीकडं तोंड करून पडलेला, जून तोंडावर आलेला, आणि अशात आपण हसत जमिनीवर बसायचं. लोकांना वाटतं, मूल बघितलं की आईला आपोआप आनंद होतो. मला होत नव्हता. मला तो रोज उठून करावा लागायचा, भाकरीसारखा. काही दिवस तो कच्चा राहायचा. पण एक मी पाहिलं. मी खोटं हसले तर लेक लगेच ओळखायची आणि खेळ सोडून जायची. त्या पोरीला शब्द कळत नव्हते, पण चेहऱ्यातली लबाडी कळत होती. म्हणून मला खरंच शोधावं लागलं की मला कशात गंमत वाटते. सत्ताविसाव्या वर्षी एका बाईनं स्वतःला हा प्रश्न विचारणं किती अवघड असतं, ते विचारून बघा.

मला जीपची गंमत वाटायची. स्टँडवर जीपवाले पत्र्यावर थाप मारून ओरडतात, "केडगाव केडगाव केडगाव!", बसायला जागा नसते तरी ओरडतात. तर आम्ही अंगणातल्या बाजेची जीप केली. मी बाजेवर थाप मारून ओरडायचे, पाठीमागून. लेकीनं नाव ऐकल्यावरच चढायचं. नाव ऐकलं नाही तर जीप सुटायची. पहिल्या दिवसांत जीप रोज रिकामी सुटली. बांधावरून जाणारा माझा चुलतदीर थांबून बघायचा.

"वहिनी, फुल्ल झाली का गाडी?"

"एक सीट हाय भावजी, बसा."

"न्हाई बा, तुमचं ड्रायव्हिंग मला ठाव हाय!"

त्याच्या हसण्यात टोचणी होती, पण दोन दिवसांनी त्याची पोरं येऊन बाजेवर बसली. मग शेजारची. गर्दी झाली की जीप खरी वाटते. नवरा एकदा पाणी प्यायला उठला, तर त्याला लेकीनं हाताला धरून आणलं आणि टपावर बसायची खूण केली. टप म्हणजे बाजेचं डोक्याकडचं गात, आडवं लाकूड. तो बिचारा तिथं अवघडून बसला. खूप दिवसांनी मी त्याचे दात पाहिले.

आणि एका सकाळी माझ्या आधी लेकच बाजेपाशी गेली, थाप मारली आणि ओरडली, "दाव! दाव! दाव!"

केडगावचं शेपूट. तिचा पहिला शब्द. आई नाही, पाणी नाही. आत्या चुलीपासून धावत आल्या, हाताला पीठ तसंच. "काय म्हनली? काय म्हनली गं?" लेकीनंच पुन्हा सांगितलं.

इथं थांबले असते तर छान गोष्ट झाली असती. पण जून आला.

शाळेच्या पत्र्याखाली पन्नासेक पोरांचा कालवा. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे मागून हाक मारली. लेक वळली नाही. मला कारण माहीत होतं. त्या डबीला जवळचा आवाज आणि लांबचा आवाज सारखाच, गोंगाटात सगळं एक होतं. गुरुजींनी पुन्हा हाक मारली. नाही. मी तोंड उघडलं. शाळा सरकारी आहे, मुलाला परत पाठवायचा अधिकार कुणाला नाही, हे लेकरू या गावचं आहे, असं सगळं माझ्या तोंडून सुरू झालं, आवाज चढत गेला.

"ताई," गुरुजी हात जोडून म्हणाले, "तुमचं सगळं खरं हाय. पण पत्रक वाचून मला तिसरा हात फुटनार हाय का?"

तेवढ्यात एका पोरानं लेकीची वायर ओढली आणि ती त्याला चावली. रडारड. गुरुजींनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं. पुण्याला न्यायचं लेकीचं बोचकं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. पण गुरुजी त्या रडणाऱ्या पोराला म्हणाले, "वायर वढली का न्हाई तू? मंग चावनारच." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "आठ दिस बसवा. पर तुमी बी बसायचं वर्गात. मला एकट्याला जमनार न्हाई."

आठ दिवसांचं वर्ष झालं. मी पहिलीच्या पोरांत फरशीवर बसले, लेकीला तोंड दिसेल अशा जागी. शेतातलं काम आत्यांनी आणि नवऱ्यानं ओढलं. मधल्या सुट्टीत बाकाची जीप व्हायची. नाव पटावर लागलं, उशिरा लागलं, पण लागलं. पुढं तिला शब्द आले, बोबडे, शेवट खाल्लेले. परक्याला निम्मे कळतात. आवाज अजूनही जड आहे आणि तसाच राहणार. मी हे गोड करून सांगणार नाही.

या जूनमध्ये त्या गुरुजींची बदली झाली. नवे आले. त्यांनी लेकीकडं पाहिलं, वायरकडं पाहिलं आणि मला विचारलं, "हिला पुण्याला का घातलं नाही?" पुन्हा पहिल्यापासून. दर जूनला मी फाटकाशी उभी राहते तेव्हा मनात तीच भीती असते. आणि घरी परत येताना मला ठरवावं लागतं, की ही भीती लेकीला दिसता कामा नये. खोटं हसून नाही, तो मार्ग बंद आहे. खरंच काही गमतीचं सापडेपर्यंत मी रस्त्यानं रेंगाळत चालते. काही दिवस सापडत नाही. त्या दिवशी आम्ही दोघी नुसत्या बसतो.

एकटीनं हे रेटत नाही, म्हणून हे लिहिलंय. माझी मागणी तुमच्याकडं आहे. तुमच्या गावच्या शाळेत पालकांची सभा भरेल, तिथं उठून एकदा विचारा, गावातलं कुठलं मूल आज या शाळेत नाही, आणि का नाही. कुणीतरी एखाद्या घराचं नाव घेईल. त्या घरी जा. सल्ला घेऊन जाऊ नका, खाऊही नको. तिथल्या आईला म्हणा, तू जरा पड. आणि तुम्ही जमिनीवर बसा, मूल सांगेल ते व्हा. दुपारी जा. त्या वेळी ती फार थकलेली असते.